तीनशे हॉर्सपॉवर, चौकटीचे पाइप आणि सातपूर

परवा आमच्या रॅलीवेड्यांच्या ग्रुपवर पुन्हा तोच वाद पेटला. 2027 पासून डब्ल्यूआरसीच्या, म्हणजे जागतिक रॅली स्पर्धेच्या सर्वांत वरच्या वर्गातल्या गाड्या साधारण 300 हॉर्सपॉवरच्या होणार. एकाने लगेच लिहिलं, "मग बघायचं काय? त्यापेक्षा बैलगाडा शर्यत बघू." मी म्हटलं, बघ की! तिथे किती हॉर्सपॉवर असते रे? तरी घाटावर पाय ठेवायला जागा नसते.

गंमत बाजूला ठेवू. ताकद कमी म्हणजे थरार कमी, हे गणित ज्यांना इतकं सोपं वाटतं त्यांना फक्त 2025 ची फिनलंडची रॅली आठवून बघायला सांगेन.

2022 मध्ये रॅली1 गाड्यांना, म्हणजे आत्ताच्या सर्वांत वरच्या वर्गाला, हायब्रिड यंत्रणा आली. 1.6 लिटरच्या टर्बो इंजिनाला 100 किलोवॅटची मोटर जोडलेली, दोन्ही मिळून 500 च्या वर हॉर्सपॉवर. गाडीवर हिरवा-लाल दिवा असायचा. तो लाल असेल तर मदतीला धावलेल्या माणसानेही गाडीला हात लावायचा नाही, शॉक बसेल. (जंगलात खड्ड्यात पडलेली गाडी वीस जणांनी ढकलून वर काढायची, हा रॅलीचा खरा आत्मा. त्या खेळात हा नियम!) 2025 ला ती मोटर आणि बॅटरी काढून टाकली. किमान वजन 1260 वरून 1180 किलोवर आणलं, आणि टर्बोच्या तोंडावरचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे आत जाणारी हवा आवळणारं भोक, 36 मिलिमीटरचा 35 केला. म्हणजे मोटर गेली आणि इंजिनाचा श्वासही आवळला. त्याच वर्षी फिनलंडमध्ये काले रोवानपेराने 129.95 किलोमीटरच्या सरासरीने रॅली जिंकली, स्पर्धेच्या इतिहासातली सर्वांत वेगवान. आपल्या समृद्धी महामार्गावर कारला 120 ची मर्यादा आहे. हा पठ्ठ्या झाडांमधल्या मातीच्या रस्त्यावर, उड्या मारत, त्याच्यावर सरासरी काढतोय!

त्यामुळे 300 चा आकडा ऐकून मला झोप न लागण्याचं काही कारण दिसत नाही. 1986 मध्ये कोर्सिकात हेन्री तोइवोनेन आणि सर्जिओ क्रेस्तो लान्चिया डेल्टा एस4 च्या अपघातात गेले आणि ग्रुप बी, म्हणजे तेव्हाचा सर्वांत ताकदवान गाड्यांचा वर्ग, बंद झाला. तेव्हाही 'रॅली संपली' असंच म्हणत होते. पुढे त्याच लान्चियाने 'ग्रुप ए' या कमी ताकदीच्या वर्गातल्या डेल्टावर 1987 ते 1992 अशी सलग सहा वर्षं उत्पादकांचं विजेतेपद नेलं. आणि इम्प्रेझा, लान्सर इव्हो ही ज्या गाड्यांची पोस्टर आपण खोलीत लावली, ती सगळी त्या 'संपलेल्या' रॅलीचीच पोरं.

रिस्ट्रिक्टरचा विषय निघालाच आहे तर 1995 च्या स्पेनमधल्या कॅटालुनिया रॅलीचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. टोयोटाच्या सेलिकाच्या टर्बोत तपासणीच्या वेळी सगळं नियमात. पण होजची क्लिप कसून आवळली की आतल्या स्प्रिंगवर दाब येऊन रिस्ट्रिक्टर जागचा हलायचा, आणि बाजूने जादा हवा आत. तपासायला क्लिप सोडली की सगळं मुकाट्याने पुन्हा जागेवर! पकडले गेले, त्या मोसमातले गुण गेले आणि 1996 चं अख्खं वर्ष बाहेर बसावं लागलं. चोरी ती चोरीच, पण कारागिरीला मनातल्या मनात दाद दिल्याशिवाय राहवत नाही. नियम लिहिणारा आणि गाडी बांधणारा यांचा हा खेळ रस्त्यावरच्या शर्यतीइतकाच जुना आहे.

आता 2027 मधलं मला खरं महत्त्वाचं वाटतं ते सांगतो, कारण ग्रुपवर त्याच्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. नव्या नियमात गाडीच्या किमतीला 3,45,000 युरोची मर्यादा आहे. आपल्या पैशात साडेतीन कोटींच्या आसपास, आणि आत्ताच्या रॅली1 च्या निम्म्याहून कमी. ब्रेक, सस्पेन्शन, गिअरबॉक्स हे रॅली2 या एक पायरी खालच्या वर्गातल्या भागांच्या धर्तीवर. मधला सांगाडा पाइपांचा, आणि त्याच्यावर ठरलेल्या मापात बसेल ती बॉडी: हॅचबॅक, सेदान, एसयूव्ही, नाहीतर शोरूममध्ये कधी न आलेला स्वतःचा घाट. आणि ही गाडी बांधायला तुम्ही मोटार कंपनी असण्याची गरज नाही. ट्यूनर, म्हणजे गाड्या तयार करणारी वर्कशॉपवाली मंडळी, स्वतःच्या नावाने गाडी उतरवू शकतील.

माझ्या मते खेळ बदलणार असेल तर तो या एका कलमाने.

कारण रॅलीची गाडी बांधत आलीयत ती हीच माणसं. सुबारूची निळी इम्प्रेझा जपानची म्हणून आपण ओळखतो, पण रॅलीची इम्प्रेझा तयार व्हायची इंग्लंडात बॅनबरीला, प्रोड्राइव्हच्या वर्कशॉपमध्ये. 2017 ला माल्कम विल्सनच्या एम-स्पोर्टने फिएस्टा घेऊन टोयोटा, ह्युंदाई, सित्रोएन अशा कारखान्यांच्या संघांना हरवलं. सेबास्तियाँ ओजिए चालकांचा विजेता, आणि उत्पादकांच्या यादीत सर्वांत वर नाव एम-स्पोर्टचं. घाम यांचा, पण बॉनेटवरचा बिल्ला बहुतेक वेळा दुसऱ्याचा.

आणि बिल्लेवाल्यांचं काय सांगावं? फोक्सवॅगनच्या पोलोने 2013 ते 2016 या चार वर्षांत 43 रॅली जिंकल्या. आपल्या चाकणला बनणारी पोलो घेताना कित्येकांच्या डोक्यात ती पोलो होती, माझ्याही होती. 2017 च्या नियमांची गाडी तयार होती, चाचण्या झाल्या होत्या. नोव्हेंबर 2016 मध्ये कंपनीने जाहीर केलं, आम्ही थांबतोय. डिझेल घोटाळ्यानंतर कंपनीची गणितंच बदलली होती. झालं, ती गाडी एकाही रॅलीत धावली नाही. 2019 अखेर सित्रोएनही गेली. कंपनीला रॅली म्हणजे जाहिरातीच्या खात्यातली एक ओळ. ती ओळ खोडायला एक मीटिंग पुरते. वर्कशॉपवाल्याला मात्र दुसरं काही येतच नाही, तो जाईल कुठे?

आत्ताची अवस्था बघा. 2025 च्या 14 रॅलींपैकी 12 टोयोटाने जिंकल्या. फिनलंडला तर पहिले पाचही टोयोटाचेच. मी ओजिएचा भक्त आहे, त्याचं नववं विजेतेपद मी पेढे वाटून साजरं केलं. तरीपण एका घरातल्या भावंडांचीच शर्यत किती दिवस बघायची? त्या वर्षी मला सर्वांत आवडलेली गोष्ट एस्टोनियाची. एरवी रॅली2 चालवणाऱ्या ओलिव्हर सोलबर्गला एका रॅलीपुरती रॅली1 मिळाली आणि त्याने थेट जिंकून दाखवलं. असे किती सोलबर्ग खालच्या वर्गात नुसते ताटकळत असतील? वर गाड्याच मोजक्या असतील तर बसवणार कुठे त्यांना?

दोन गोष्टी मात्र मलाही खटकतात.

एक म्हणजे रॅली2 आणि नवा वर्ग यांतलं अंतर. रॅली2 गाडी आजच 290 च्या आसपास हॉर्सपॉवर देते आणि दुकानात जाऊन विकत घेता येते. मग तिच्याहून थोडीच वरचढ गाडी शून्यापासून कोण घडवेल, आणि का? प्रेक्षकाला घड्याळ न बघता दोन्हींतला फरक दिसला नाही तर 'वरचा वर्ग' हे नावापुरतंच राहील.

दुसरी म्हणजे नियम करणाऱ्यांची धरसोड. 2024 च्या सुरुवातीला एफआयएने, म्हणजे मोटर स्पर्धांच्या जागतिक संघटनेने, अचानक सांगितलं की पुढच्याच वर्षी सगळं बदलू. संघ चिडले, आणि जूनमध्ये निर्णय मागे. नव्या नियमांना दहा वर्षांचं आयुष्य देऊ म्हणतात. पाळलं तर सोन्याहून पिवळं. कर्ज काढून गाडी बांधणाऱ्या वर्कशॉपला हॉर्सपॉवरपेक्षा ती दहा वर्षं जास्त मोलाची आहेत.

पहिली पावलं पडलीयत. टोयोटाची नवी गाडी चाचण्यांत दिसली. आणि प्रोजेक्ट रॅली वन नावाने बेल्जियमची मंडळी कंपनीच्या बिल्ल्याशिवाय उतरतायत. त्यात यीव्ह मॅटन आहेत, जे आधी सित्रोएनचे रॅलीप्रमुख होते आणि नंतर खुद्द एफआयएचे रॅली संचालक. (शिक्षकाने निवृत्त होऊन क्लास काढावा तसं झालं हे, पण असो.)

आता तुम्ही म्हणाल, नाशकात बसून तुला काय एवढं पडलंय? तर मी रॅली पहिल्यांदा बघितली ती इथेच, रॅली ऑफ महाराष्ट्रला. बांधावर उभा राहून मित्सुबिशी सेडिया गाड्यांची धूळ खाल्ली, आणि संध्याकाळी सर्व्हिसमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त करतात त्या तळावर, घुटमळत राहिलो. तिथे कळलं की ड्रायव्हर हिरो असला तरी गाडीखाली पाठ टेकून पडलेली चार पोरं नसतील तर उद्या सकाळी हिरो घरी. त्या पोरांकडे बघतच मी या खेळात अडकलो.

त्या सर्व्हिसमध्ये ओळख झालेला एक मित्र सातपूरला रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी माणूस वाचावा म्हणून आत बसवायचा पाइपांचा पिंजरा, वाकवतो, वेल्ड करतो. त्याला मी रात्री फोन करून हे सगळं सांगितलं. किंमत, पाइपांचा सांगाडा, कंपनी नसली तरी चालतं वगैरे. हॉर्सपॉवरबद्दल त्याने विचारलंच नाही. बराच वेळ नुसतं "हं, हं" चाललं होतं. मग म्हणाला, "पाइप कुठल्या ग्रेडचा मागतात रे? आणि जाडी किती?"

नियमावलीची पीडीएफ पाठवली आहे. सकाळपासून तीन मिस्ड कॉल आलेत त्याचे.