आजीची मशेरी आणि भाच्याचा व्हेप

गेल्या महिन्यात बहिणीचा रडत फोन आला. लेकाच्या दप्तरात पेनड्राइव्हसारखं काहीतरी सापडलं होतं, त्याला आंब्याचा वास होता. पोरगं सतरा वर्षांचं. मी विचारलं तर म्हणाला, "मावशी, सिगरेट नाहीये गं, नुसती वाफ आहे." खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं.

तो व्हेप होता, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगरेट. पण त्यातून निघते ती नुसती वाफ नाही. प्रोपिलीन ग्लायकोल आणि ग्लिसरीन तापवून केलेला बारीक फवारा आहे, त्यात वासाची रसायनं आणि निकोटीन. सिगरेटचा पहिला झुरका घेणारा खोकून बेजार होतो, निदान शरीर नको म्हणतं. बऱ्याच नव्या व्हेपमध्ये निकोटीन क्षाराच्या रूपात असतं, ते घशाला फारसं लागतच नाही. शिवाय सिगरेट विझते तरी, हे दिवसभर खिशात. आणि मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालते. मनाला आवर घालणारा भाग सगळ्यात शेवटी पक्का होतो. नेमक्या त्याच वयात ही तलफ लागते.

मला आमची आजी आठवली. सकाळी तव्यावर तंबाखू भाजायची, घरभर ठसका उठायचा. मशेरी लावल्याशिवाय तिचं पोट साफ होत नसे. डबी सापडली नाही की सुनांवर खेकसायची. तिला व्यसनी म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नाही. भाच्याचा व्हेप काढून घेतल्यावर दोन दिवस तोच आजीचा चेहरा मी बघितला: चिडचिड, डोकं दुखणं, पुस्तकात लक्ष नाही. बापाने थोबाडीत मारली. मला फार वाईट वाटलं. तलफ मारून जात नाही हो.

सिगरेट ओढणाऱ्याने ती पूर्ण सोडून व्हेप घेतला तर विषारी द्रव्यं कमी जातात, हे खरं आहे. ब्रिटनमध्ये तसा सल्लाही देतात. पण आमच्या पोराने सिगरेट कधी ओढलीच नव्हती!

आपल्याकडे 2019 पासून व्हेपच्या विक्रीवर बंदी आहे, पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी पोरांना मिळतंच, आणि चोरून मिळणाऱ्या द्रवात काय आहे ते कोण तपासणार? अमेरिकेत त्याच वर्षी व्हेप ओढणारी माणसं फुप्फुसांना गंभीर इजा होऊन दवाखान्यात येऊ लागली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,800 हून जास्त भरती, 68 मृत्यू. त्यातल्या बहुतेकांनी गांजाचा अर्क असलेला द्रव ओढला होता, बराचसा इकडून-तिकडून मिळवलेला, आणि त्यात घातलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटवर मुख्य संशय आला.

आम्ही भाच्याला डॉक्टरांकडे नेलं. तंबाखू सोडण्यासाठी 1800-112-356 ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, तिथेही तो स्वतः बोलला. आज एकोणिसावा दिवस. मध्ये एकदा मित्राकडे ओढला, आणि घरी येऊन आईला आपणहून सांगितलं. बहिणीने त्याला जेवायला वाढलं, एवढंच.