सीएसआरमधून शाळेला 25 लाखांची लॅब? फी भरायच्या आधी हे वाचा

सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या खर्चातून, शाळेला लॅब मिळवून देतो असं सांगणारा एक मेसेज गेले काही दिवस जिथे तिथे दिसतोय. मी दुर्लक्षच करत होतो, कारण व्हॉट्सॲपवरच्या प्रत्येक मेसेजला उत्तर देत बसलो तर नोकरी सोडावी लागेल. पण काल तोच मेसेज माझ्या ताईने पाठवला. ताई नगरकडच्या एका गावात माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे, आणि मेसेजखाली तिने विचारलं होतं, "शनिवारपर्यंत मुदत आहे म्हणे, समितीने लोकवर्गणीतून फी भरायचं ठरवलंय, भरू ना रे?" मग मात्र डोकं फिरलं. लोकवर्गणी म्हणजे पालकांनी शंभर-दोनशे करत दिलेले पैसे, ज्यातून पंखे दुरुस्त होतात.

ज्यांना तो मेसेज आला नाहीये ते नशीबवान, त्यांच्यासाठी थोडक्यात. वर अशोकस्तंभ, खाली "शिक्षण मंत्रालय मान्यताप्राप्त". मजकूर असा की सीएसआर कायद्याने प्रत्येक कंपनीला नफ्याचे 2 टक्के शाळांना द्यावेच लागतात, शाळा अर्ज करत नाहीत म्हणून हजारो कोटी सरकारकडे परत जातात, तुमच्या शाळेचा 25 लाखांच्या रोबोटिक्स लॅबवर कायदेशीर हक्क आहे, टाटा-प्रेमजी पण याच कायद्यामुळे देतात, 2014 च्या आधी कुणी दमडी देत नव्हतं, कंपनीचा तर पूर्ण टॅक्स वाचतो त्यामुळे मागायला लाजू नका. शेवटी 7,500 रुपये प्रोसेसिंग फी, आणि अगदी बारीक अक्षरात "मंजूर रकमेच्या 30% समन्वय खर्च रोखीने".

मी एका कंपनीत फायनान्सला आहे, सीएसआरचे कागद दरवर्षी माझ्या टेबलावरून जातात, त्यामुळे यातलं काय खरं आणि काय थापा हे सांगू शकतो.

सुरुवात अशोकस्तंभापासूनच करू. सीएसआर हा विषय शिक्षण मंत्रालयाचा नाहीच, तो कंपनी कायद्यात येतो, म्हणजे कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाकडे. ज्याला एवढंही माहीत नाही तो तुम्हाला 25 लाख मिळवून देणार!

आता "प्रत्येक कंपनी". कंपनी कायदा 2013, कलम 135, लागू झालं 1 एप्रिल 2014 पासून. मागच्या आर्थिक वर्षात नेट वर्थ (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं ते) 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक जरी असेल तर कंपनी त्यात येते. मग आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्च करायचे. तालुक्याच्या एमआयडीसीतल्या प्रत्येक शेडला हे लागू होत नाही. आणि "शाळांना" असं तर कुठेच लिहिलेलं नाही. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात मोठी यादी आहे, त्यात भूक आहे, आरोग्य आहे, पाणी-स्वच्छता, पर्यावरण, खेळ, वारसा जतन, माजी सैनिक, ग्रामविकास, आपत्ती निवारण, आणि हो, शिक्षणसुद्धा. त्यातलं काय निवडायचं ते कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं.

म्हणून "कायदेशीर हक्क" हे तद्दन खोटं आहे. मंत्रालयाने 25 ऑगस्ट 2021 ला एक सर्क्युलर काढलं, क्रमांक 14/2021, सगळं प्रश्नोत्तरांच्या रूपात. हे एकच डॉक्युमेंट वाचलं असतं तर अख्खा मेसेज तिथेच संपला असता. त्यात स्वच्छ सांगितलंय की सीएसआरचं नियोजन, मंजुरी, अंमलबजावणी, देखरेख हे सगळं कंपनीच्या बोर्डाचं काम, अमुक ठिकाणी किंवा अमुक कामावर खर्च करा असे आदेश सरकार देत नाही. सरकारच सांगू शकत नाही तिथे हा मेसेजवाला एजंट कोणत्या अधिकाराने मंजुरी आणून देणार?

आणि फोटो बघितलात का नीट? मेसेजसोबत जी चकाचक लॅब दाखवलीय, मुलं निळी जॅकेटं घालून काहीतरी सोल्डर करतायत, त्यांच्या मागच्या भिंतीवर "अटल टिंकरिंग लॅब" असं ठळक दिसतंय. ती नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनची योजना, सुरू झाली 2016 मध्ये, शाळेला जास्तीत जास्त 20 लाखांचं अनुदान, 10 लाख उभारणीला आणि 10 लाख पुढची पाच वर्षं चालवायला. म्हणजे सरकारी योजनेचा फोटो, आकडा त्यापेक्षा फुगवलेला, आणि नाव सीएसआरचं. फोटो क्रॉप करायचे कष्टसुद्धा घेतलेले नाहीत.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. 30 टक्के रोख.

सीएसआरचा पैसा असा कुणाच्या खात्यात येऊन पडत नाही. कंपनी एकतर स्वतः काम करते, नाहीतर एखाद्या संस्थेमार्फत करते, आणि त्या संस्थेला 1 एप्रिल 2021 पासून मंत्रालयाकडे सीएसआर-1 फॉर्म भरून नोंदणी नंबर घ्यावा लागतो. कंपनीने स्वतः स्थापन केलेली नसेल अशा बाहेरच्या ट्रस्टला किंवा सोसायटीला किमान तीन वर्षं अशा कामाचा अनुभव लागतो, शिवाय आयकर खात्याच्या 12ए आणि 80जी या नोंदण्या. लॅबसारखी वस्तू उभी राहिली तर ती कुणाच्या नावावर असावी तेही नियमात आहे, नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेच्या, लाभार्थ्यांच्या गटाच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या. कंपनीच्या मालकीची राहत नाही, आणि एजंटचं नाव तर या साखळीत कुठेच बसत नाही. वर्षाअखेर कंपनीच्या सीएफओला, म्हणजे मुख्य वित्त अधिकाऱ्याला, सही करून सांगावं लागतं की दिलेला पैसा मंजूर कामावरच वापरला गेला. तो सीएफओ कशाच्या जोरावर सही करतो? शाळेकडून आलेल्या युटिलायझेशन सर्टिफिकेटच्या (पैसा कशावर वापरला त्याचा दाखला), बिलांच्या आणि फोटोंच्या.

म्हणजे समजा, चुकून खरंच पैसे आले. लॅब आली साडेसतरा लाखांची, साडेसात लाख रोख "समन्वयाला" गेले, आणि कागदावर 25 लाख मिळाले, 25 लाख खर्चले असं कोण लिहून देणार? मुख्याध्यापिका. शिक्का शाळेचा, सही ताईची. उद्या ऑडिट आलं, चौकशी लागली, तर एजंटचा नंबर बंद आणि ताई एकटी उत्तरं देत बसणार, निवृत्तीला आली असताना. याला मी समन्वय खर्च म्हणत नाही, याला अफरातफर म्हणतात, आणि तुम्ही त्यात भागीदार ठरता. "सगळीकडे असंच चालतं" हे वाक्य मला ऐकवू नका. चालत असेल, पण मग पकडला जातो तो सही करणारा.

अर्थात 25 लाख येतच नाहीत, एवढं लिहितोय ते फक्त समजुतीसाठी. खरा धंदा 7,500 चा आहे. शंभर शाळांनी भरले तर साडेसात लाख, आणि एवढ्या छोट्या रकमेसाठी कोण मुख्याध्यापक पोलीस स्टेशनला जाणार? हे काही माझ्या मनाचे खेळ नाहीत. केरळात 2025 च्या सुरुवातीला मोठं प्रकरण बाहेर आलं, स्कूटर, लॅपटॉप, शिलाई मशीन अर्ध्या किमतीत देतो, उरलेली अर्धी किंमत कंपन्यांच्या सीएसआरमधून येणार, असं सांगून हजारो लोकांकडून पैसे गोळा केले गेले, फसलेल्यांत बायका खूप होत्या. तिथेही शब्द तोच, सीएसआर. हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं कुठेतरी पैशाचं धरण भरलंय आणि फक्त दरवाजा उघडणारा माणूस हवाय.

बाकीचे मुद्दे भराभर.

"पैसे सरकारकडे परत जातात" हे अर्धवट आहे. चालू प्रकल्पाचे पैसे उरले तर वर्ष संपल्यावर 30 दिवसांत वेगळ्या अनस्पेंट (न वापरलेल्या पैशांच्या) खात्यात टाकायचे आणि तीन वर्षांत वापरायचे. चालू प्रकल्प नसेल तर सहा महिन्यांच्या आत पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसारख्या, सातव्या परिशिष्टातल्या एखाद्या निधीत भरायचे. शाळांनी अर्ज केला नाही म्हणून पैसे पडून राहिले, असा काही हिशोब त्यात नसतो.

"पूर्ण टॅक्स वाचतो" हेही चूक. सीएसआरचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून धरता येत नाही, आयकर कायद्यात 2014 लाच तशी दुरुस्ती झाली. काही देणग्यांना 80जीत सवलत मिळते, तेवढंच.

"टाटा-प्रेमजी याच कायद्यामुळे देतात" याचा मात्र राग आला. अझीम प्रेमजी फाउंडेशनमागे प्रेमजींनी स्वतःच्या वाट्याचे विप्रोचे शेअर लावलेत, ते कुठल्या 2 टक्क्यांतून आलेले नाहीत. सर दोराबजी टाटा ट्रस्ट 1932 चा. आपल्या मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, ज्याच्या प्रयोगांवर आणि पुस्तकांवर कित्येक शिक्षक तयार झाले, ते 1974 मध्ये याच ट्रस्टच्या मदतीने सुरू झालं, कलम 135 यायला तेव्हा चाळीस वर्षं होती. आणि पैसा उद्योगपतीचाच हवा असंही नाही, पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेतली मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून. तिथे टाकाऊ वस्तूंतून, काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून भूमिती शिकवली गेली. 25 लाखांचे रोबो नव्हते!

बरं, एक गोष्ट मान्य करावी लागेल, नाइलाजाने. पैसा खरोखर मोठा आहे. 2022-23 मध्ये देशभरात सीएसआरवर जवळपास 30 हजार कोटी खर्च झाले आणि त्यातले 10 हजार कोटींच्या आसपास शिक्षणावर. राज्यांत महाराष्ट्र सगळ्यात पुढे. पण कारखाने आणि ऑफिसं जिथे, तिथेच ओघ जास्त, कारण कायदाच आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या म्हणतो. त्यामुळे आडगावच्या शाळेला वाटतं की आपल्याला कुणी विचारत नाही, आणि ते वाटणं चुकीचं नाहीये. असले मेसेज त्याच दुखण्यावर जगतात.

मग करायचं काय? ताईला जे सांगितलं तेच इथे लिहितो. सरकारच्या सीएसआर पोर्टलवर कुठल्या कंपनीने कुठे आणि कशावर खर्च केला ते फुकट बघता येतं. आपल्या जिल्ह्यात आधीपासून शिक्षणावर खर्च करणाऱ्या कंपन्या काढा, त्यांच्या वेबसाइटवर सीएसआर धोरण असतंच, आणि थेट त्यांना लिहा, तेही वर्षाच्या सुरुवातीला. मार्चमध्ये आलेला प्रस्ताव घाईत वाचला जातो. युडायस नंबर (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), पटसंख्या, खोलीची मापं, विजेची स्थिती, दोन-तीन कोटेशन एवढं जोडा. आणि कृपा करून नुसतं "लॅब द्या" असं मागू नका. शिक्षकांचं प्रशिक्षण आणि पुढच्या तीन वर्षांचं साहित्य आधी मागा. मी पाहिलेल्या एका शाळेत रोबोटिक्सचे किट कपाटात कुलूपबंद होते, सेल गळून आतले स्प्रिंग गंजलेले, आणि किल्ली ज्या सरांकडे होती त्यांची बदली झालेली. अगस्त्य इंटरनॅशनल फाउंडेशनसारख्या संस्थांच्या फिरत्या प्रयोगशाळा कंपन्यांच्या पैशावर गावोगाव जातात, शिकवणारा माणूस सोबत असतो. लहान शाळेला ते जास्त परवडतं.

आणि ज्यांनी 7,500 आधीच भरलेत त्यांनी ग्रुपवर हळहळत बसू नका. यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर, मेसेजचा स्क्रीनशॉट आणि समोरच्याचा नंबर जपून ठेवा, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन लावा, बँकेला कळवा, आणि समितीच्या पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात ते लिहून घ्या, म्हणजे उद्या लोकवर्गणीचा हिशोब विचारला तर मुख्याध्यापकांच्या खिशावर येणार नाही.