विरोधात १ (उभे)

काल सकाळी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त व्हॉट्सअ‍ॅपवर आले. त्यातील ‘ठराव क्रमांक ४ : लिफ्टच्या दुरुस्तीच्या खर्चास मंजुरी’ या शब्दांखाली पुढील ओळ होती : ‘बाजूने ४१, विरोधात १ (उभे).’ तो कंसातला उभा मनुष्य मी आहे. ज्याचा डावा पाय तीन आठवडे कुल्ह्यापासून करंगळीपर्यंत ठणकतो आहे, जो तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीवर कठडा धरून थांबतो, तो लिफ्टच्या विरोधात मत देईल, हे एकेचाळीस सुशिक्षित माणसांपैकी एकालाही चमत्कारिक वाटले नाही.

दुखण्याच्या आरंभाविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. जमिनीवर पडलेले पेनचे टोपण उचलायला मी वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. निदान तांदळाचे पोते तरी असते, तर घरात थोडी प्रतिष्ठा राहिली असती.

सायटिकाची कळ ज्याला ठाऊक नाही त्याने एवढेच समजावे, की दाढ दुखते तशीच ती असते. फक्त दाढ तीन फूट लांबीची असते आणि शिंकले की मुळापासून हलते. उभे राहिले, चार पावले चालले, की ती थोडी निवते. बसले की पुन्हा सुरू होते. स्वीडनमधील नाकेमसन नावाच्या अस्थिशल्यविशारदाने १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधील चकतीत सुई घालून दाब मोजला, तेव्हा उभ्या माणसापेक्षा बसलेल्या माणसाच्या चकतीवर अधिक दाब आढळला. पुढे झुकून बसल्यास तो आणखी वाढतो. आमच्या सोसायटीच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मनुष्याला पुढे झुकवण्यासाठीच घडवलेल्या असल्यामुळे मी सभागृहाच्या मागच्या खांबाला टेकून उभा राहिलो, आणि तेथेच मला काकांनी गाठले.

काका पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले आहेत आणि जगातील कोणत्याही बिघाडाकडे ते कालव्याच्या काठावरूनच पाहतात.

“बसत का नाही हो?” त्यांनी विचारले.

“सायटिका आहे, काका.”

“दुखतं कुठे?”

“सगळीकडेच, पण पोटरीत जास्त.”

“म्हणजे टेलला, कालव्याच्या शेपटाला.” काकांनी समाधानाने मान हलवली. “अहो, तक्रार नेहमी टेलचा शेतकरी करतो. त्याच्या शेतात जाऊन काय बघणार? कालवा हेडला तुंबलेला असतो. तुमचं हेड कमरेत आहे.”

एवढे बोलून त्यांनी काठीच्या टोकाने फरशीवर माझ्या पायाचा नकाशा काढायला घेतला. काठीच्या रबराचे काळे फराटे उमटत होते आणि पुढच्या रांगेतील दोन वहिनी मागे वळून पाहत होत्या. नकाशा, प्रामाणिकपणे सांगायचे तर, चुकीचा नव्हता. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी निघणारी दोन मुळे आणि कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीतून येणारी तीन, अशी पाच मुळे एकत्र होऊन शरीरातील ही सर्वांत जाड नस बनते, आणि कुल्ह्यामागून मांडीच्या पाठीशी उतरत खाली फाटे फोडत पावलापर्यंत जाते. वरच्या एखाद्या मुळाला धक्का लागला, तरी बोंब खालचा पाय मारतो.

“आता उपाय,” काका म्हणाले. “आवर्तन बंद, म्हणजे पाणी सोडणंच बंद. फळीवर उताणं पडायचं, सहा आठवडे.”

“आणि ऑफिस?”

“कॅनॉलची दुरुस्ती पाणी सोडून करतात का? आणि नसच बसवायची असेल, तर आमच्या साइटवर एक जण होता. माणसाला पालथा घालून पाठीवर उभा राहायचा. कडकन आवाज आला की झालं.”

“सगळे बरे व्हायचे?”

काकांनी क्षणभर विचार केला. “आवाज सगळ्यांचा यायचा.”

नेमक्या याच क्षणी व्यासपीठावरून सचिवांचा आवाज आला, “ज्यांचा विरोध असेल त्यांनी उभे राहावे.” काका आतापर्यंत माझ्या शेजारी उभे होते, परंतु ‘विरोध’ हा शब्द कानी पडताच चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीचे संस्कार जागे होऊन ते विजेच्या वेगाने खाली बसले. मीही बसू पाहिले. अर्ध्यावर कळ आली, आणि मी दात-ओठ खात पुन्हा ताठ उभा राहिलो. त्यामुळे माझा विरोध निव्वळ विरोध न राहता विचारान्ती केलेला विरोध दिसला, आणि सचिवांनी तो लिहून घेतला.

काकांवर रागावण्याची माझी इच्छा आहे, पण तेही पूर्ण जमत नाही. नेपल्सच्या कोतुन्यो या वैद्याने १७६४ मध्ये या दुखण्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहून ते सांध्याचे नसून नसेचे आहे असे मांडले, तेव्हा त्यालाही नसेच्या आवरणात द्रव साचत असावा असेच वाटले होते. म्हणजे काका चुकले नव्हते, फक्त अडीचशे वर्षे उशिरा आले होते. फुटलेल्या चकतीकडे वैद्यकाचे लक्ष नीट वळले ते १९३४ मध्ये, बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यविशारदांमुळे. दोन मणक्यांमधील चकतीला, घरोघरी जिला ‘गादी’ म्हणतात तिला, बाहेरून चिवट कडी असतात आणि आत मऊ गर असतो. कडे फाटले की गर बाहेर येऊन नसेच्या मुळावर दाबतो आणि तेथे दाहही करतो. आपल्याकडे आयुर्वेदाने याला गृध्रसी म्हटले. रोगी गिधाडासारखा चालू लागतो म्हणून हे नाव पडले असे सांगतात. सकाळी मला दूध आणायला जाताना पाहणाऱ्या कोणालाही ही व्युत्पत्ती पटेल.

ज्या मणक्याच्या डॉक्टरांकडे मी गेलो, त्यांच्या प्रतीक्षागृहात बुटके, खोलगट सोफे होते. जेथे येणारा निम्मा माणूस बसू शकत नाही, तेथे हे सोफे कोणी निवडले असतील, याचा विचार करत मी पावणेदोन तास उभा होतो आणि स्वागतिका दर दहा मिनिटांनी “बसून घ्या ना, काका,” असे म्हणत होती. प्रत्यक्ष तपासणी सात मिनिटांत आटोपली. उताणे झोपवून डॉक्टरांनी माझा सरळ पाय वर उचलला. चाळीस अंशांवर मी ओरडलो, तेव्हा ते खूश झाले, कारण तीस ते सत्तर अंशांत ओरडणारा रोगी पुस्तकाबरहुकूम असतो. मग त्यांनी टाचेच्या वर रबरी हातोडी मारली. उजवे पाऊल उडाले. डावे, निरोप पोहोचलाच नसल्यासारखे, स्वस्थ पडून राहिले. ते दृश्य पाहून मात्र मला विनोद सुचला नाही.

पडून राहायचे नाही, जमेल तेवढे चालायचे, असे त्यांनी बजावले. बहुतेकांचे दुखणे सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना ओसरते आणि बाहेर आलेला गर शरीरच हळूहळू शोषून घेते. सोबत गोळ्या आणि फिजिओथेरपी. कमरेतील इंजेक्शनाने काही काळ आराम पडतो. पायातील शक्ती कमी होऊ लागली किंवा महिनोन्‌महिने कळ हटलीच नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार. बैठकीच्या जागेची संवेदना गेली किंवा लघवी अडली, तर मात्र सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठायचे. एमआरआय त्यांनी तूर्त नको म्हटले. अमेरिकेत १९९४ मध्ये पाठ न दुखणाऱ्या ९८ जणांचा एमआरआय काढला, तर निम्म्याहून अधिक लोकांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या होत्या. हे मी काकांना सांगितले. “फोटो नाही म्हणजे डॉक्टर कच्चा,” असा निकाल त्यांनी दिला.

खरी तक्रार वेगळीच आहे. पाय प्लास्टरमध्ये असता, तर लोकांनी दारे उघडून धरली असती. सायटिकाला प्लास्टर नाही, सूज नाही, एक ओरखडासुद्धा नाही. ऑफिसात मी उभा राहून काम करतो तर साहेबांना तो निषेध वाटतो.

इतिवृत्त दुरुस्त करण्याची विनंती मी सचिवांना केली. दुरुस्ती पुढच्या वार्षिक सभेत मांडता येईल, असे उत्तर आले.

काल रात्री बी विंगमधील एक गृहस्थ घरी आले. कमिटीवर त्यांचा जुना राग आहे. “सगळे बसले हो,” ते सद्गदित होऊन म्हणाले. “या सोसायटीत ताठ कणा असलेले तुम्ही एकटेच. यंदा निवडणुकीला तुम्ही उभं राहायलाच हवं.”

मी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः कपाटाला टेकून उभा राहिलो.

“बघा,” ते म्हणाले, “मी होच समजतो.”