इन्व्हर्टरची बॅटरी मुद्दाम रिकामी करू नका

फोंडा-डिचोलीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: इन्व्हर्टरची बॅटरी महिन्यातून एकदा पूर्ण उतरवा, नाहीतर तिला अर्ध्या चार्जिंगची ‘सवय’ लागते. घरोघरी असलेल्या लेड-ॲसिड बॅटरीबाबत हे साफ चूक.

ही सवयीची गोष्ट निकेल-कॅडमियम बॅटरीची. स्वीडिश संशोधक युंगनरने १८९९ मध्ये शोधलेला हा प्रकार जुन्या कॉर्डलेस फोनांत असायचा. लेड-ॲसिड त्याहून जुनी, फ्रेंच शास्त्रज्ञ प्लांतेची, १८५९ ची. ती उतरलेली पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक कडक होत जातात. मग कितीही चार्ज करा, पूर्वीचा बॅकअप मिळत नाही. म्हणजे मेसेज इमानेइतबारे पाळणाऱ्याचीच बॅटरी आधी जाणार! मोबाइलमधल्या लिथियम-आयनलाही (बाजारात १९९१ पासून) शून्यावर नेणं मानवत नाही.

पावसात लाईट सारखी जाते, तेव्हा ती आल्यावर बॅटरी पूर्ण भरू द्या. पाणी खुणेखाली उतरलं तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. विहिरीचं नको, उकळून गाळलेलं असलं तरी नको; त्यातले क्षार आतच राहतात. टर्मिनलवर पांढरट-हिरवट बुरा धरला असेल तर इलेक्ट्रिशियनकडून साफ करून घ्या.