निगेटिव्ह पीसीआर आणि ‘व्हायरल’चा शिक्का

तुमचं म्हणणं असं: पाठीतलं पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) काढलं, पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) निगेटिव्ह आली, तरी डॉक्टर ‘व्हायरल एन्सेफलायटिस’च (विषाणूमुळे मेंदूला आलेली सूज) म्हणत राहिले आणि असायक्लोव्हिर हे हर्पीसविरोधी औषधही चालूच ठेवलं, मग तपासणी केली कशाला? राग समजतो, निष्कर्ष पटत नाही.

नुसतं ‘निगेटिव्ह’ वाचून काही कळत नाही. कोणता विषाणू शोधला आणि आजाराच्या कितव्या दिवशी, ते आधी बघावं लागतं. हर्पीस सिम्प्लेक्स या विषाणूची पीसीआर एरवी भरवशाची, पण पहिल्या तीन दिवसांत चकवा देऊ शकते. एमआरआयमध्ये टेम्पोरल लोबला (मेंदूचा कानाजवळचा भाग, हर्पीस बहुधा तिथेच धरतो) सूज दिसत असेल तर काही दिवसांनी पुन्हा पाणी काढतात. तोवर औषध थांबवायचं? हर्पीसच्या मेंदूज्वरात उपचाराविना सुमारे ७० टक्के रुग्ण दगावतात. सुई टोचताना पाण्यात रक्त मिसळलं तर त्यानेही पीसीआर बिघडू शकते, हे रिपोर्टवर क्वचितच लिहिलेलं असतं.

जपानी मेंदूज्वराचं (डासांमुळे पसरणारा, मुख्यतः मुलांना होणारा आजार) उलटं. रुग्ण दाखल होईपर्यंत विषाणू बहुधा रक्तातून गेलेला असतो, म्हणून पीसीआरवर भिस्त न ठेवता पाठीच्या पाण्यात आयजीएम (संसर्गानंतर लवकर तयार होणारी प्रतिपिंडं) शोधतात. तेही फार लवकर तपासलं तर सापडत नाही. व्हायरल मेनिंजायटिसमध्ये (मेंदूच्या आवरणाची सूज) बहुतेक वेळा एन्टेरोव्हायरस हा आतड्यात वाढणारा विषाणू असतो. त्यासाठी घशातला स्वॅब आणि शौचही पाठवतात. पण शौचात सापडला म्हणजे मेंदूच्या आवरणातही तोच आहे असं नाही, कारण आतड्यातून तो आठवडेच्या आठवडे बाहेर पडत राहतो.

पॉझिटिव्ह रिपोर्टही फसवतो, बरं का. १९९८ मध्ये मलेशियात डुक्करपालकांमध्ये मेंदूज्वराची साथ आली. काहींच्या रक्तात जपानी मेंदूज्वराची प्रतिपिंडं सापडली, म्हणून डासांविरुद्ध फवारणी झाली, लसी टोचल्या. पण आजारी पडत होते ते बहुतेक डुकरांत काम करणारे प्रौढ पुरुष, आणि लस घेतलेलेही त्यात होते. डुकरंही खोकत होती. हे जुळत नव्हतं. मार्च १९९९ मध्ये नवा विषाणू हाती लागला: निपाह.

एक मात्र तुमचं खरं. चांगल्या केंद्रांतही बऱ्याच रुग्णांमध्ये कारण सापडत नाही, आणि अशा वेळी डिस्चार्ज कार्डावर ‘व्हायरल’ असा पक्का शिक्का मारणं मलाही खटकतं. ‘कारण अनिश्चित’ लिहावं. त्यातल्या काहींना ऑटोइम्यून एन्सेफलायटिस (शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते तो आजार) असतो, त्याचे उपचारच वेगळे. शिक्क्यामुळे तो शोध थांबतो.

असायक्लोव्हिरचं म्हणाल, तर पुन्हा केलेली पीसीआरही निगेटिव्ह आली आणि एमआरआयमध्ये हर्पीसची खूण नसली, की ते बंद करतात. किडनीला त्रास देणारं औषध आहे, हौसेने कोणी चालू ठेवत नाही.