या वयात?

गेल्या महिन्यात एका लग्नाला मी गडद मोरपंखी रंगाची साडी नेसून गेले होते. जेवताना शेजारी बसलेली नात्यातली एक बाई अगदी प्रेमाने म्हणाली, "छान दिसतेस गं, पण आता या वयात जरा फिके रंग घेत जा." मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. घरी आले, साडीची घडी घातली, झोपले, तरी ते 'या वयात' काही डोक्यातून जाईना. आयुष्यभर ऐकत आलेय मी ते.

तेरा-चौदा वर्षांची असताना ऐकलं, "आता या वयात फ्रॉक बरा दिसत नाही." मग ओढणी आली, तिला दोन्ही खांद्यांवर पिना आल्या आणि सायकल चालवताना ती चाकात जाऊ नये म्हणून मागे गाठ आली. 1990 साली लग्न झालं. पंजाबी ड्रेस घालायची परवानगी मिळायला दीड वर्ष लागलं, तीही पुण्यातल्या घरापुरती. सासरच्या गावी जाताना एसटी स्टँडवरच्या बाथरूममध्ये साडी नेसून मग पुढची गाडी पकडायची. मुलं झाल्यावर गाऊन आला, आणि बेल वाजली की दार उघडण्याआधी गाऊनवर घ्यायची ओढणीही आली. ती दाराच्या मागे खिळ्याला अडकवलेलीच असायची. तुमच्याकडेही असेल. आपल्याच घरात, दूधवाल्यासाठी.

आणि पन्नाशी उलटल्यावर पुन्हा तेच वाक्य. आधी 'मोठी झालीस' म्हणून, आता 'म्हातारी होतेयस' म्हणून. मधल्या कुठल्या वर्षी माझं वय कपड्यांसाठी बरोबर होतं, ते मला कुणी सांगावं.

खरं तर वयाप्रमाणे कपडे बदलावे लागतात, हे मला पूर्ण मान्य आहे. पण का बदलावे लागतात, यावर कुणी बोलत नाही. एक्कावन्नाव्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला. फ्रोझन शोल्डर. चाळिशी ते साठीच्या बायकांमध्ये हे दुखणं भरपूर दिसतं, मधुमेह असेल तर जास्तच. हात मागे जाईना. मागून हुक असलेले माझे सगळे ब्लाउज एका दिवसात निरुपयोगी झाले. साडीचा पदर खांद्यावरून मागे टाकताना डोळ्यांत पाणी यायचं. त्याच सुमाराला पाळी जात होती. भर मीटिंगमध्ये मानेपासून कानापर्यंत आग उसळायची, आणि अंगात सिंथेटिक कुर्ता असला तर तो काढून फेकावासा वाटायचा. दोन वर्षं मी सुतीशिवाय काही घातलं नाही. कंबर वाढली, दंड भरले, पावलं सुजायला लागली. या सगळ्याबद्दल 'या वयात' म्हणणाऱ्यांपैकी एकानेही विचारलं नाही.

विचारलं ते आमच्या टेलरने. जुना ब्लाउज मापाला दिला, तर तो म्हणाला, "ताई, हात वर करून दाखवा बरं." माझा हात कानाच्या खालीच थांबला. त्याने काही न बोलता मुंढा अर्ध्या इंचाने मोठा लिहून घेतला, हुक पुढे घेतले आणि म्हणाला, "आत माया जास्त ठेवतो. लागली की उसवून देईन." लहानपणी आई शिंप्याला हेच सांगायची, "माया ठेवा हो, वाढतं अंग आहे." शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या त्या जास्तीच्या कापडाला आपल्या भाषेत माया म्हणतात. मला त्या दिवशी तो शब्द नव्याने कळला.

माझी आजी नऊवारी नेसायची. आम्ही जयसिंगपूरकडचे, तिकडे इरकली लुगड्यांची पद्धत. सुती अंग, लाल पदर, दंडावर सैल चोळी. ती शेतातून यायची तेव्हा ओच्यात हरभऱ्याचे डहाळे असायचे, कनवटीला पैसे असायचे आणि दोन्ही हात मोकळे. कासोटा घातलेली आजी सत्तराव्या वर्षीही मांडी घालून बसायची, बांध ओलांडायची. मी दुकानात जाऊन कुर्त्याला खिसा आहे का असं विचारते, तेव्हा मला तिचा ओचा आठवतो. जुनी लुगडी विरली की त्यांची वाकळ व्हायची. तिच्या वाकळेत मात्र गडद हिरवा, जांभळा आणि काळा एवढेच रंग होते. लाल कुठेच नव्हता. ती चाळिशीतच विधवा झाली होती, हे मला फार उशिरा उमगलं.

आईचंही तेच झालं. बाबा गेले त्याला अकरा वर्षं झाली. कुणी तिला रंग सोड म्हणून सांगितलं नाही, तिने आपणहून सोडले. कपाटातल्या पुढच्या रांगेत बदामी, राखाडी, पिस्ता. लाल-डाळिंबी साड्या चादरीत गुंडाळून वर. मी चिडायचे, ती म्हणायची, "अगं, बरं दिसत नाही."

मे 2022 मध्ये आमच्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. आईने ती बातमी पेपरात दोनदा वाचली. बोलली काही नाही. पण कात्रण पोथीत ठेवलं.

मागच्या दिवाळीला मी तिला दुकानात घेऊन गेले. विक्रेत्याने तिच्याकडे बघितलं आणि न विचारताच फिके गठ्ठे काढायला सुरुवात केली. "आजींसाठी ना? हे सोबर आहेत." त्याचा राग कशाला करू, त्याला आपणच शिकवलंय. पण आईचा हात गठ्ठ्यांवरून सरकत शेजारच्या बाईसाठी उघडलेल्या एका डाळिंबी इरकलवर गेला. तिने काठ चिमटीत धरला, उलटून बघितला आणि बोटाने चाचपून म्हणाली, "रेशीम चांगलं आहे." मग पटकन हात मागे घेतला. मी ती साडी बांधायला सांगितली. ती रिक्षात घरापर्यंत माझ्यावर कुरकुरत होती, या वयात काय हे, लोक काय म्हणतील.

पाडव्याला ती नेसली नाही. संक्रांतीलाही नाही. मी विचारणं सोडून दिलं, कारण तिच्यावर रंग लादणारी आणखी एक व्यक्ती मला व्हायचं नव्हतं.

परवा तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर म्हणाली, "येशील तेव्हा डाळिंबी दोरा घेऊन ये गं. त्या साडीचा फॉल टाचेपाशी उसवलाय."