खाखा टाक्यावर बंदी कुणी घातली?

गारा म्हणजे पारशी बायकांची भरतकाम केलेली साडी. तिच्यावरच्या खाखा टाक्याबद्दल व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: 'पारशी गाऱ्यावरचा खाखा म्हणजे चीनचा निषिद्ध टाका. तो घालता घालता मुली आंधळ्या व्हायच्या, म्हणून बादशहाने बंदी घातली. ड्रॅगन दिसला तर कापड बादशहाचंच. वटवाघूळ असेल तर जादूटोणा.'

आधी बंदीचं बघू. चीनच्या छिंग राजघराण्याच्या दरबाराला नियमांची हौस होती खरी. १७५९ साली चियानलुंग बादशहाने कुणी काय घालावं याची सचित्र नियमावलीच करवून घेतली. पण तिचा सगळा रोख रंग, आकृत्या आणि हुद्द्यांवर. अमुक टाका घालू नये असं फर्मान आजवर कुणी दाखवलेलं नाही. उलट एकोणिसाव्या शतकातले बटवे, बाह्यांच्या पट्ट्या, अधिकाऱ्यांच्या छातीवरचे हुद्द्याचे चौकोन याच टाक्याने भरलेले जगभरच्या संग्रहालयांत आहेत. बंदीतला माल इतका मुबलक? चिनी लोक याला 'दाझी' म्हणतात, म्हणजे बी टाकणं. 'निषिद्ध' हे बिरुद पाश्चात्त्य बाजारातलं. भाव चढवायला सोयीचं.

भिंग घेऊन बघा. दोरा वर येतो, सुईभोवती एक वेढा घेतो आणि जिथून निघाला त्याच्या लगतच खाली जातो. मागे उरतं मध्ये खळगा असलेलं एक इवलंसं कडं. अशी शेकडो कडी दाटीने बसली की पाकळीवर खसखस पसरल्यासारखं दिसतं.

मंद उजेडात बारीक काम केलं की नजर अधू होते, हे मान्य. पण मग एकट्या खाख्याला दोष का? चीनमधल्या सूचौ शहराच्या सपाट भरतकामात तर रेशमाचा दोरा उकलून केसाहून बारीक करतात.

ड्रॅगनची नखं मोजावीत. पाच नखांचा राजघराण्याचा, चार नखांचा बाकीच्यांचा, असा नियम होता. शेवटी शेवटी तोही कुणी पाळेना, अधिकारी सर्रास पाच नखं मिरवू लागले. त्यापेक्षा सूर्य, चंद्र, कुऱ्हाड वगैरे बारा चिन्हांचा बादशहाचा खास संच आहे का ते पाहावं.

आणि वटवाघूळ? तो निव्वळ श्लेष आहे. चिनीत वटवाघूळ 'फू' आणि भाग्यही 'फू'. लाल रंग 'हुंग' आणि अफाट यालाही 'हुंग'. म्हणून लाल वटवाघूळ म्हणजे अफाट भाग्य. पाच वटवाघळं म्हणजे दीर्घायुष्य, संपत्ती धरून पाच सुखं.

चीनच्या कँटन बंदरातून पारशी व्यापाऱ्यांबरोबर हे काम मुंबईत आलं, तेव्हा इथल्या बायकांनी गोल ठिपक्यांच्या नक्षीला नाव दिलं 'कांदा-पपेटा', म्हणजे कांदा-बटाटा. आता यातही कुणी मंत्र शोधणार असेल तर खुशाल शोधो.